नाशिकहून अ‍ॅमेझॉनच्या जंगलात: आयावास्का शिबिराच्या प्रवासाची आखणी

आयावास्का म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला, भास घडवणारा वनस्पतींचा काढा. तो पिण्याच्या शिबिराला जायचं मनात आलं की माणूस आधी विमानाची तिकिटं बघायला बसतो. खरं तर तिकीट या कामात बरंच उशिरा येतं. पहिलं काम घरातल्या औषधांच्या डब्यापाशी, दुसरं पासपोर्टपाशी, तिसरं लसीपाशी. ही तिन्ही मिळून चार महिने सहज खातात. जुलैत जायचं असेल तर फेब्रुवारीत हालचाल सुरू करा.

इथली सगळी माहिती पेरूतल्या इकितोस शहराला आणि त्याच्या आसपासच्या जंगलाला धरून आहे. बरीच शिबिरं तिथे आहेत, शिवाय पेरूमध्ये या काढ्याचा पारंपरिक वापर कायदेशीर आहे. २००८ साली पेरू सरकारने त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. आपल्याकडे तसं नाही. काढ्यातलं डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली प्रतिबंधित आहे, आणि ‘आमच्या फार्महाउसवर आयावास्का बैठक’ असं कुणी इगतपुरीत किंवा गंगापूर धरणाकाठी भरवत असेल तर तिकडे फिरकू नका. कायद्याचा प्रश्न आहेच, पण बाटलीत नेमकं काय उकळलंय हे सांगणारंही तिथे कुणी नसतं.

आधी गोळ्या मोजा

काढा दोन वनस्पतींचा. बॅनिस्टेरिओप्सिस कापी ही जाड वेल, आणि चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं. डीएमटी असतं ते पानांत. नुसती पानं उकळून प्यायली तर फारसं काही होत नाही, कारण आतड्यातलं आणि यकृतातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम डीएमटी मोडून टाकतं. वेलीतलं हार्मिन आणि हार्मालिन या एन्झाइमला अडवतं, म्हणून काढा चढतो. धोक्याचं मूळही याच अडवण्यात आहे. हेच एन्झाइम शरीरातलं सेरोटोनिन आणि इतर काही रसायनंही आवरून धरतं. ते बंद पडलेलं असताना सेरोटोनिन वाढवणारी गोळी पोटात असेल तर ताप, थरथर, स्नायूंचा ताठरपणा, गोंधळ, झटके असा प्रकार होतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. काढा पिणाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत टाळता येण्याजोगी दुर्घटना हीच.

म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या, सिरप, चूर्णं टेबलावर मांडा आणि प्रत्येकाच्या वेष्टनावरचं मूळ औषधाचं नाव लिहून काढा, कंपनीचं नाव नव्हे. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन, वेन्लाफॅक्सिन ही नैराश्याची किंवा घबराटीची औषधं बहुतेकांना ओळखता येतात. फसगत होते ती दुसरीकडे. मधुमेहात पायांची आग होते म्हणून दिलेलं ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन हेही त्याच गटातलं, पण घेणाऱ्याला ती ‘नसांची गोळी’ वाटते आणि शिबिराच्या फॉर्मवर तो ‘मानसिक औषधं: नाहीत’ असं लिहून मोकळा होतो. दाढ काढल्यावर दिलेलं ट्रॅमाडॉल, कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, सर्दीच्या गोळीतलं स्युडोएफेड्रिन किंवा फेनिलेफ्रिन, मायग्रेनच्या ट्रिप्टान गोळ्या, लिथियम ही सगळी यादीत घ्या.

आयुर्वेदिक म्हणून सूट नाही. खाजकुयलीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, लेव्होडोपा असतं. या काढ्याबरोबर रक्तदाब उसळू शकतो. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक चूर्णांत आणि पाकांत ते असतं. सर्पगंधेतलं रिसर्पिनही या काढ्याशी जुळत नाही. घटकच लिहिलेले नसतील असं चूर्ण जाण्याआधी महिनाभर बंदच ठेवा.

आता ती यादी घेऊन मानसोपचारतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडे जा आणि काय प्यायला निघालोय ते सरळ सांगा. डॉक्टर रागावतील, चालेल. गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. हळूहळू कमी करायला काही आठवडे लागतात आणि त्यानंतर शरीरातून औषध निघून जायला आणखी वेळ लागतो. फ्लुओक्सेटिन सर्वांत चिवट, शेवटच्या गोळीनंतर किमान ५ आठवडे. बाकीच्यांना साधारण २ आठवडे धरतात, बरीच शिबिरं त्याहून जास्त मागतात. गोळी बंद केल्यावर जुना त्रास उसळला तर प्रवास रद्द, गोळी चालू. इथे हट्ट करण्यासारखं काही नाही.

स्वतःला किंवा आई-वडील, भावंडांपैकी कुणाला स्किझोफ्रेनिया वा बायपोलर असेल, हृदयविकार असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, फिट येत असतील किंवा गरोदरपण असेल तर जाऊ नका. मधुमेह्यांनी वेगळा हिशेब करायचा: शिबिरात बिनमिठाचं, बिनतेलाचं, मोजकं जेवण असतं, समारंभाच्या, म्हणजे रात्री काढा पिण्याच्या, दिवशी संध्याकाळचं जेवण नसतंच, वर रात्री उलट्या. रोजचा इन्सुलिनचा किंवा ग्लिमेपिराइडचा डोस तसाच घेतला तर मध्यरात्री साखर कोसळते, आणि घाम, थरथर, बरळणं हा काढ्याचाच परिणाम समजून कुणी ग्लुकोमीटर काढत नाही.

शिबिर निवडताना नकाशा उघडा

वेबसाइटवरचे फोटो सगळीकडे सारखेच: गोल झोपडी, झुले, मावळता सूर्य. त्यावरून काही कळत नाही. विचारायचा पहिला प्रश्न असा: मध्यरात्री २ वाजता कुणाला झटका आला तर इकितोसच्या रुग्णालयात पोचायला किती वेळ लागतो आणि कशाने नेता?

इकितोसला बाहेरून येणारा रस्ता नाही. विमान किंवा बोट, एवढेच पर्याय. शहरातून निघणारा एकच लांबचा डांबरी रस्ता आहे, सुमारे १०० किलोमीटरचा, नाउता गावापर्यंत. बरीच शिबिरं या रस्त्याच्या आत जंगलात आहेत आणि त्यांचा पत्ता किलोमीटरच्या दगडावर असतो, ‘नाउता रस्ता, किलोमीटर अमुक’. बाकीची नदीकाठी, बोटीने काही तासांवर. पहिल्यांदा जाणाऱ्याने रस्त्यालगतचं शिबिर घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. नदीकाठचं जंगल जास्त देखणं असतं, मान्य. पण अंधारात, पावसात, वाहून येणाऱ्या ओंडक्यांमधून बोट हाकणं नावाड्यालाही नको असतं. नदीकाठचंच हवं असेल तर बोट रात्रभर धक्क्याला बांधलेली असते का, टाकीत इंधन असतं का, सॅटेलाइट फोन किंवा रेडिओ आहे का, हे लेखी विचारा. ‘आजवर कधी गरज पडली नाही’ असं उत्तर आलं तर दुसरं शिबिर शोधा.

पुढचे प्रश्न पटापट विचारून घ्या. काढा कोण शिजवतं, विकत आणता का? एका समारंभाला किती माणसं आणि काढा न प्यायलेली मदतनीस माणसं किती? मदतनिसांत बाई आहे का? आरोग्याचा फॉर्म भरून घेता का, आणि तो वाचून आजवर कुणाला नाही म्हटलंय का? फॉर्म न मागता पैसे मागणारं शिबिर यादीतून काढून टाका. सगळे पैसे आगाऊ आणि परतावा शून्य, असं म्हणणारंही.

आणि हे खास विचारा: काढ्यात तोए घालता का? तोए म्हणजे ब्रुगमान्सिया, आपल्या धोतऱ्याच्या जवळच्या नात्यातलं, खाली लोंबणाऱ्या मोठ्या फुलांचं झाड. त्यात धोतऱ्यासारखंच स्कोपोलामिन असतं. काढा जोरकस वाटावा म्हणून काहीजण त्याची पानं टाकतात. आयावास्काचा असर साधारण ४ ते ६ तासांत ओसरतो. तोएचा भ्रम दिवस-दीड दिवस टिकू शकतो, आणि त्यात माणूस उठून जंगलात चालू लागतो. कांबो देता का, हेही विचारा. त्यात बेडकाच्या त्वचेचा स्राव जाळलेल्या कातडीवर लावतात, आधी दोन-तीन लिटर पाणी पाजतात. बिनमिठाच्या आहारावर एवढं पाणी आणि वर उलट्या म्हणजे रक्तातलं सोडियम घसरणार. पॅकेजमध्ये फुकट असलं तरी नको म्हणा.

बायकांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. पाळीच्या दिवसांत समारंभाला बसू न देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, तेव्हा तारखा त्या हिशेबाने घ्या आणि पाळी आली तर पैशांचं काय ते आधी विचारा. दुसरं, शिबिरांमधल्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी वारंवार समोर आल्या आहेत. उपचार म्हणून कपड्यांखाली हात लावण्याची गरज कुठल्याच परंपरेत नसते. एकटीला बोलावून होणारा ‘खास उपचार’ नाकारायचा. एकटीने जाण्यापेक्षा ओळखीची सोबत बरी.

पासपोर्ट, व्हिसा आणि पिवळं कार्ड

पासपोर्टची मुदत परतीनंतरही ६ महिने उरावी. कमी असेल तर नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात आधी नूतनीकरण करा, कारण नंतर नंबर बदलला की बाकीच्या कागदांवरचा जुना नंबर अडचणीत आणतो.

भारतीय पासपोर्टला पेरूचा व्हिसा लागतो. त्याला एक सवलत आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक), किमान ६ महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा असेल, किंवा त्या देशांत कायमचं वास्तव्य असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. इथे लोक अडकतात. पहिल्यांदा मिळणारा शेंगेन व्हिसा बहुधा प्रवासापुरताच, दोन-चार आठवड्यांचा असतो; तो या सवलतीला पुरत नाही. अमेरिकेचा १० वर्षांचा व्हिसा असेल तर उत्तमच, वाटेत अमेरिकेत विमान बदलायलाही तो लागतोच. काहीच नसेल तर दिल्लीतल्या पेरूच्या वकिलातीत अर्ज करायचा. नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याआधी वकिलातीला ईमेल करा आणि उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. मुंबईच्या चेक-इन काउंटरवर तीच कामाला येते.

पिवळ्या तापाची लस ही दुसरी अडकण्याची जागा. पेरूत शिरताना कुणी लसीचं पिवळं कार्ड मागेलच असं नाही, पण लोरेतोच्या, म्हणजे इकितोस ज्या प्रांतात आहे त्याच्या, जंगलासाठी लस हवीच. आणि मुंबईला उतरल्यावर तर कार्ड दाखवावंच लागतं. पिवळ्या तापाच्या देशातून कार्डाशिवाय आलेल्या प्रवाशाला ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. कार्ड लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते, आधी वेळ घ्यावी लागते. अमेरिका किंवा शेंगेनच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचंच असेल तर दोन्ही एका दिवसात बसवा. मूळ पासपोर्ट न्यायला विसरू नका, कारण त्याचा नंबर कार्डावर लिहितात. लस जिवंत विषाणूची आहे: अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी, कमकुवत प्रतिकारशक्ती किंवा वय ६० च्या पुढे असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका.

मलेरियाची गोळी वेगळी. लोरेतोत मलेरिया आहे आणि क्लोरोक्विन तिथे भरवशाचं नाही. सहसा अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल किंवा डॉक्सिसायक्लिन देतात. मेफ्लोक्विनचे मनावर दुष्परिणाम होऊ शकतात, तेव्हा या प्रवासाला ते नकोच.

वाट

भारतातून पेरूला थेट विमान नाही. मुंबईहून युरोप, आखात किंवा अमेरिकेमार्गे लिमा, आणि लिमाहून सुमारे दोन तासांत इकितोस. थांबे धरून ३० तासांच्या पुढेच जातं. सगळी विमानं एकाच तिकिटावर घ्या. लिमा-इकितोस वेगळं काढलं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरीकडचे पैसे बुडाले. वेगळंच काढावं लागलं तर मध्ये एक रात्र लिमात ठेवा. इकितोसला पावसामुळे विमानं रखडतात, म्हणून शिबिराआधी आणि नंतर तिथेही एकेक रात्र मोकळी हवी.

नाशिकहून मुंबई विमानतळ: इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो. मात्र वाचलेला वेळ भिवंडी आणि माजिवड्याला परत जातो. रात्री १ चं विमान असेल तर दुपारी ३ ला निघा. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची शाही स्नानं आहेत. तेव्हा जायचं असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी.

बॅगेत मसाला टाकताना जरा थांबा. काळ्या मसाल्यात खसखस असेल आणि विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर मसाला घरी ठेवा. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या यादीत आहे. तसाही शिबिरात तिखट-मीठ चालत नाही.

इकितोसला घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. पाऊस बाराही महिने, पण नदीची पातळी साधारण एप्रिल-मेमध्ये सर्वांत वर आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सर्वांत खाली असते, फरक कित्येक मीटरचा. पाणी भरलेलं असताना बोट दारापर्यंत जाते, डासही दारापर्यंत येतात. पाणी उतरल्यावर बोट लांब थांबते आणि चिखलातून चालावं लागतं. रस्त्यालगतच्या शिबिराला जून ते सप्टेंबर चांगला.

बॅग आणि पैसे

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात ज्याने आषाढ काढलाय त्याला दमट हवेची ओळख असते, तरी एक फरक आहे: इथे दुपारी कधीतरी पंखा-इस्त्री मिळते, तिथे नाही. सुती कपडे आठवडाभर वाळत नाहीत. पटकन वाळणाऱ्या कापडाचे लांब बाह्यांचे फिके शर्ट ३, पँट २, मोजे ५ जोड. फोन, कागद, औषधं पाणी न शिरणाऱ्या गुंडाळायच्या पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या. गमबूट इकितोसच्या बाजारात स्वस्त मिळतात, इथून वजन नेऊ नका.

डासांसाठी २० ते ३० टक्के डीट असलेलं मलम. आपल्या मेडिकलमधली बहुतेक मलमं सौम्य असतात, टक्का वाचून घ्या. डोक्याला बांधायची बॅटरी लाल प्रकाशाची, कारण समारंभ अंधारात होतो आणि रात्री संडासला जाताना पांढरा झोत इतरांच्या डोळ्यांवर मारायचा नसतो. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-तासांची होते, विमानात चालते, पण केबिन बॅगेतच. प्लग दोन चपट्या किंवा दोन गोल पिनांचा, आपला तीन पिनांचा बसत नाही. वीज २२० व्होल्ट. ओआरएसच्या १० पुड्या घ्या आणि मीठ वर्ज्य असताना त्या कधी घ्यायच्या हे शिबिराला विचारून ठेवा. रोजची औषधं दुप्पट दिवसांची, मूळ वेष्टनात, इंग्रजी चिठ्ठीसह.

आहाराचा सराव घरीच सुरू करा. समारंभाच्या दोन आठवडे आधीपासून दारू, मांस, जुनं चीज, सोया सॉस, मुरलेलं लोणचं बंद; चहा-कॉफी हळूहळू कमी, नाहीतर पहिले दोन दिवस डोकेदुखीत जातात. शाकाहाऱ्यांना अडचण कमी: भात, उकडलेली केळी, कसावा हा कंद हेच तिथलं जेवण.

डॉलरच्या रोख नोटा एका प्रवासाला ३,००० पर्यंतच नेता येतात. नोटा कोऱ्या घ्या. कोपरा फाटलेली, शिक्का मारलेली नोट पेरूत कुणी घेत नाही. गावातल्या खर्चाला पेरूचे सोल लागतात, तेही सुटे. जंगलात एटीएम नाही, उरलेले पैसे इकितोसमध्येच काढा.

प्रवास विम्याच्या कागदात ‘मादक द्रव्यांच्या अमलाखाली’ हे कलम शोधा. बहुतेक पॉलिसी अशा वेळी हात वर करतात. तरीही विमा काढाच, कारण मलेरिया, मोडलेला पाय आणि हरवलेली बॅग त्यात येते. घरच्या एका माणसाकडे शिबिराचं नाव, नकाशावरचं ठिकाण, पासपोर्टची प्रत आणि लिमातल्या भारतीय वकिलातीचा नंबर ठेवा, आणि कुठल्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर शोधाशोध सुरू करायची ते ठरवा. पेरूत पोलिसांसाठी १०५, रुग्णवाहिकेसाठी १०६.

परतताना

बॅग इकितोसमध्येच पूर्ण रिकामी करून पुन्हा भरा. काढ्याची बाटली, वेलीचा तुकडा, वाळलेली पानं, बिया, मकावच्या पिसांचे दागिने, यातलं काही नको. लिमाच्या दुकानांत कोकाच्या पानांचा चहा आणि गोळ्या उघड्यावर मिळतात, कारण तिथे ते कायदेशीर आहे. कोकाचं पान आपल्या एनडीपीएस कायद्यात येतं. हॉटेलने उशीवर ठेवलेली चहाची पुडीसुद्धा खिशात राहू देऊ नका.

शेवटच्या समारंभानंतर निदान दोन दिवस लांबचा प्रवास टाळा. त्या दिवसांत झोप विस्कटलेली असते आणि माणूस मोठमोठे निर्णय घ्यायला उतावीळ होतो. नोकरी सोडण्याचा ईमेल घरी येऊन महिन्याने लिहिता येतो. पिवळं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, मुंबईला इमिग्रेशनच्या आधीच मागतात.

मलेरियाची गोळी घरी आल्यावरही चालू राहते, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ७ दिवस, डॉक्सिसायक्लिन ४ आठवडे. त्यानंतर वर्षभरात कधीही थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की अ‍ॅमेझॉनला जाऊन आलोय. नाहीतर नाशिकच्या पावसाळ्यात तो डेंगी किंवा व्हायरल म्हणूनच तपासला जाणार. बंद केलेल्या गोळ्या पुन्हा कधी आणि कितीने सुरू करायच्या, त्याची चिठ्ठी निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. बरं वाटतंय म्हणून ती भेट टाळणारे दोन-तीन महिन्यांनी त्याच दवाखान्यात जास्त वाईट अवस्थेत येतात.